अमावास्येचा काळोख गेला कुठे?

बँकेत होतो तोवर मार्चअखेर ताळेबंद मांडायचो. निवृत्तीनंतर आकाशाचा मांडतो. दिवाळी सरली की पंचांग काढून अमावास्यांवर खुणा करायच्या. जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाच्या नावे खर्ची टाकायचे. उरलेल्या रात्रींत १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला उल्कावर्षाव, जानेवारीत मृगातला तेजोमेघ, मार्च-एप्रिलच्या पहाटे वृश्चिक-धनूतली आकाशगंगा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून वीस-वीस सेकंदांची शंभर छायाचित्रे घ्यायची आणि संगणकावर एकावर एक रचायची. मग डोळ्यांना न दिसलेला फिका उजेडही हळूहळू उमटतो.

चंद्र आणि पाऊस निदान पंचांग पाळतात. रस्त्यावरचे दिवे पाळत नाहीत. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. वीज वाचली हे खरेच. पण निळसर प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि उघडा दिवा आभाळालाही उजळतो. गेल्या अमावास्येला गच्चीवरून नातीने तारे मोजले. अकरा भरले!

यावर उपाय अंधार नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे विझवले नाहीत, फक्त जमिनीकडे वळवले. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत गच्चीवरच्या दिव्याला टोपण बसवण्याचा ठराव मी मांडणार आहे. आपणही मांडून पाहा.