तिवरांतून जाणारी वाट

आम्हा सुरतकरांना डुमस आठवते ते टोमॅटोच्या भज्यांसाठी. हजिऱ्याकडच्या खाडीकाठची तिवरे आम्ही दुरूनच पाहतो. पश्चिम बंगालखालोखाल अशी वने सर्वाधिक आहेत ती आपल्या गुजरातेतच. येथे त्यांना ‘चेर’ म्हणतात. आमच्या मुलांना तोच शब्द ठाऊक. ‘तिवर’ म्हटले की ती तोंडाकडे पाहत राहतात.

ही झाडे जवळून पाहावयाची असतील, तर मुंबईच्या फेरीत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रासाठी अर्धा दिवस काढावा. तेथे ठाणे खाडीच्या चिखलावरून फळ्यांची वाट नेली आहे. गुडघे कुरकुरणाऱ्या आजोबांनाही ती झेपेल. फळ्या केवळ आपल्या सोयीच्या नव्हेत. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येऊन हवा घेतात. ती तुडविली की झाडाचाच श्वास कोंडतो.

मुळे दिसावयास ओहोटी हवी. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. स्वयंपाकघरातली दिनदर्शिका एवढ्याला पुरते. हिवाळ्यात रोहित पक्षीही भेटतील. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत आली.

हाच हिशेब डुमसला मात्र लावू नये. खंभातच्या आखातात भरती मुंबईहून उशिरा येते, आणि चढते कितीतरी अधिक.