पंढरपूरसाठी मध्यस्थीची प्रार्थना
ख्रिस्ती उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणजे दुसऱ्यासाठी देवाकडे केलेली विनवणी. बायबलमध्ये अब्राहाम सदोम नगरासाठी रदबदली करतो; यिर्मया तर बाबेलात नेलेल्या बंदिवानांना त्या परक्या नगराच्याच कल्याणासाठी प्रार्थना करायला सांगतो. महाराष्ट्रात या प्रार्थनेचे ठळक उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या आरंभापासून स्त्रिया आणि मुली रोज एकत्र जमून इतरांसाठी प्रार्थना करू लागल्या आणि जूनअखेर तेथे मोठी धार्मिक जागृती झाली. मराठी भक्तीशी या उपासनेचे नाते जुळवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने तुकोबांचे ऋण उघडपणे मानले. अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत रुजवले. पंढरपूरसाठी प्रार्थना करणाऱ्यालाही इथली परंपरा आपली मानण्याची हीच वाट योग्य, कारण गावाचा इतिहास न जाणता केलेली विनवणी पोकळ राहते. विठ्ठलमंदिराच्या नामदेव पायरीजवळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी आहे. तरीही त्यांच्यासारख्या अस्पृश्य मानलेल्यांना या मंदिराचे दार शतकानुशतके बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपुरातच उपोषण करावे लागले. ही जुनी जखम, चंद्रभागेचे पाणी, आषाढीनंतर गाव स्वच्छ करणारे सफाई कामगार, थकलेले वारकरी हे सारे त्या विनवणीत यायला हवेत. शेजाऱ्याचा धर्म बदलावा एवढीच इच्छा तिच्यात असेल, तर तिला मध्यस्थी म्हणता येणार नाही.