तांदळाचा आकडा ग्रामसभेचा हवा

पावसाळा तोंडावर आला. राब भाजून झाले, भट्टीवर गेलेली माणसं पाड्यावर परतली. आता शाळा उघडतील आणि आपली पोरं दुपारी ताटली घेऊन ओळीत बसतील. त्या ताटलीत किती पडणार आणि किती दिवस पडणार, हे त्या दिवशी ठरत नाय. ते कित्येक महिने आधी एका कागदावर ठरलेलं असतं. तो कागद कोण भरतो, कोणत्या आकड्यावर भरतो, आणि आपल्याला कुणी विचारतं का, हे या अंकात मांडायचं आहे.

काही साथी म्हणतील, २००८ च्या १ जानेवारीपासून वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले, गावोगाव वनहक्क समित्या बसल्या, दावे भरायचे आहेत, आणि तुम्ही खिचडीचं काय काढलंत? आमचं म्हणणं, काम एकच आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसतो हे दाखवायला आपण दंडाच्या पावत्या शोधतोय, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतोय, दोरी धरून प्लॉट मोजतोय. म्हंजे फॉरेस्टच्या आकड्यावर न विसंबता आपला आकडा आपण मांडतोय. जे जमिनीचं, तेच तांदळाचं.

पहिली गोष्ट, खिचडी ही कुणाची मेहेरबानी नाय. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. तेव्हा आपल्याकडे शिजवून देत नव्हते. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की पोराला ३ किलो तांदूळ मिळायचा. तो घरी यायचा आणि सगळ्या घरात वाटला जायचा. २००१ साली सरकारी गोदामं धान्याने भरलेली आणि माणसं उपाशी, अशी गत होती. म्हणून पीयूसीएल ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने हुकूम दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक पोराला शिजवलेलं जेवण द्या, वर्षातले निदान २०० दिवस द्या. २० एप्रिल २००४ च्या हुकुमात कोर्टाने सांगितलं की स्वयंपाकाला दलित आणि आदिवासी बायांना आधी घ्या आणि शिजवण्याचा खर्च आईबापांकडून घेऊ नका. आज पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि एकूण ४५० कॅलरीचं जेवण असा हिशोब आहे. २००८ पासून वरच्या वर्गांनाही जेवण आलं, त्यांना १५० ग्रॅम.

१९९२ साली आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं भुकेने आणि आजाराने गेली. तेव्हा मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. भूक कागदावरनं हलली की पोटातनंही हलते असं सरकारला वाटतं. म्हणून कागद नीट वाचायला शिकलं पाहिजे.

आता तो कागद कसा चालतो ते बघू. महिना संपला की गुरुजी एक तक्ता भरतात. पटावर पोरं किती, रोज सरासरी किती जेवली, आधीचा तांदूळ किती शिल्लक होता, नवा किती आला, किती शिजला, आता किती उरला. त्यावरनं पुढची मागणी निघते. पोरांची संख्या गुणिले १०० ग्रॅम गुणिले शाळेचे दिवस, त्यातनं शिल्लक वजा. हा तक्ता केंद्रप्रमुखाकडे जातो, तिथनं पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, मग पुणे. दिल्लीहून वर्षाचा कोटा ठरतो, अन्न महामंडळाच्या गोदामातनं तांदूळ उचलला जातो आणि ठेकेदाराच्या टेंपोतनं खाली येतो. वर्षाचा आराखडा साल सुरू व्हायच्या आधी बनतो. तो बनवताना मागच्या साली किती पोरं जेवली हे बघतात. ऐकायला हे बरोबरच वाटतं. जेवढी पोरं जेवली, तेवढ्यांचा तांदूळ.

पण आपलं साल शहरातल्या सालासारखं सरळ चालत नाय. एक पाडा धरा. जून ते दिवाळी तिथल्या शाळेत ६० पोरं बसतात. दिवाळी झाली की आईबाप भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरं बरोबर जातात. पाड्यावर उरतात ३५. ती भट्टीवरची पोरं पाऊस पडायच्या आत परततात. आता पाच महिने ६० आणि सहा महिने ३५ यांची सरासरी काढा. ती ४६ येते. ह्या ४६ वर पुढच्या सालचा तांदूळ ठरला, तर काय होतं?

पावसाळ्यात दिवसाला तांदूळ येतो ४ किलो ६०० ग्रॅम, आणि जेवायला पोरं ६०. प्रत्येकाच्या वाट्याला १०० ग्रॅमच्या जागी ७७ ग्रॅम. नायतर सगळ्यांना पुरेपूर वाढा आणि महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस चूल बंद ठेवा. हे कोणते महिने? श्रावण-भादव्याचे. घरातली नागली संपलेली, नवा भात अजून शेतात उभा, मजुरी नाय, नदी-ओहोळ भरलेले. वर्षातले सगळ्यात भुकेचे दिवस ते हेच. आणि दिवाळीनंतर उलट. तांदूळ ४६ पोरांचा, जेवणारी ३५. रोज १ किलो १०० ग्रॅम उरतो. सहा महिन्यांत तीन पोती होतात. ही तीन पोती शिल्लक म्हणून वहीत दिसली आणि पुढच्या पावसाळ्याला आली, तर ठीक. नाय दिसली, तर ती कुठे गेली हे विचारायचा हक्क कुणाला आहे?

इथे चोर कोण हे शोधायच्या आधी एक गोष्ट बघा. कुणी एक दाणाही चोरला नाय तरी सरासरीच्या आकड्याने पोराला पावसाळ्यात उपाशी ठेवलं आणि उन्हाळ्यात पोतं मोकळं सोडलं. चोराला वाट आकड्यानेच करून दिली. म्हणून आमची पहिली मागणी ही की मागणी महिन्यावारी, खऱ्या पोरांवर लिहा. पावसाळ्याची मागणी पावसाळ्याच्या पोरांवर.

आणि जी २५ पोरं भट्टीवर गेली त्यांचं काय? पोर भट्टीवर जातं, त्याचा १०० ग्रॅम त्याच्याबरोबर जात नाय. कागदात मात्र शिक्षण हमी केंद्रात शिकणारी पोरंही या योजनेत बसायची. ज्या भट्टीवर भोंगाशाळा किंवा केंद्र चालतं, तिथल्या पोरांची नावं आणि गाव लिहून तिथल्या पंचायत समितीकडे मागणी करता येते. पण त्यासाठी आपल्या पाड्यानं दिवाळीतच यादी करायला हवी. कोणतं पोर कोणत्या भट्टीवर चाललं, हे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

दुसरा मुद्दा पावसाचा. सरकारच्याच सूचनेत लिहिलेलं आहे की शाळेत एक महिन्याचा तांदूळ जास्तीचा साठवलेला असावा. आपल्याकडे काय होतं? टेंपो डांबरी रस्त्यापर्यंत येतो, पोती तिथल्या घरी उतरतात, पुढे दोन-चार किलोमीटर डोक्यावरनं कोण नेणार यावर भांडण. गोदामापासून शाळेपर्यंतच्या वाहतुकीला केंद्र सरकार २००८ साली क्विंटलमागे ७५ रुपयांपर्यंत देत होतं. शाळेपर्यंत देतं, डांबरीपर्यंत नाय. आपल्या बाया-बापे जर पोती वाहत असतील तर त्यांची मजुरी मागायचा हक्क आहे.

आणि पोतं शाळेत पोचलं तरी ठेवायचं कुठे? कुडाच्या शाळेत, गळक्या कौलांखाली, नायतर कुणाच्या तरी घरात. पोतं ओलं होतं, तांदळाला बुरशी येते, पाकोळ्या होतात. बांधकाम मागितलं की उत्तर मिळतं, जागा फॉरेस्टची आहे. इथे वनहक्क कायदा खिचडीला येऊन भिडतो. या कायद्याचं कलम ३(२) बघा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ झाडांपर्यंत तोड चालते. अट एकच, ग्रामसभेची शिफारस हवी. शाळा म्हंजे नुसता वर्ग नाय, तांदळाची कोरडी खोली आणि चुलीची जागाही आली. जमिनीच्या दाव्यांबरोबर हा ठरावही एकाच बैठकीत करा. शाळेच्या चुलीला मोळी आणणाऱ्या ताईला गार्डने अडवलं, तर ती मोळी निस्ताराच्या हक्कातली आहे हे त्याला सांगा.

तिसरा मुद्दा अवघड आहे, पण टाळून चालणार नाय. काही ठिकाणी हजेरीत न आलेली पोरं जेवलेली दाखवतात. कुठे वरून आकडा चांगला दिसावा म्हणून, कुठे पट कमी दिसला तर शाळा जाईल या भीतीने, कुठे सरळ पोती विकायला. आणि कधीकधी त्यात आपलाच माणूस असतो. समितीतला असतो, नात्यातला असतो, मोर्चात पुढे चालणारा असतो. काही साथींना वाटतं, आकडा खरा केला तर तांदूळ कमी येईल, मग गप्प बसलेलं बरं. आमचं मत वेगळं आहे. फुगवलेल्या आकड्याचा तांदूळ पोराच्या ताटलीत येत नाय, तो बाजारात जातो. आणि ज्या दिवशी तपासणी येते, त्या दिवशी साहेब म्हणतो की आदिवासीच चोर आहेत. उद्या आपल्या जमिनीच्या दाव्यातल्या साक्षीवर तोच साहेब तेच म्हणेल. ज्या गावाचा शाळेचा आकडा खोटा, त्या गावाचा प्लॉटचा आकडा कोण खरा मानेल?

गुरुजींना दुश्मन करायचं हे आमचं सांगणं नाय. एकाच गुरुजीने चार वर्ग शिकवायचे, तांदूळ मोजायचा, डाळ-तेलाच्या पावत्या जपायच्या, तक्ता घेऊन केंद्रावर जायचं. त्या दिवशी शाळा बंद. मोजायचं काम गावाने घेतलं तर गुरुजी शिकवायला मोकळे होतील. जे गुरुजी नीट काम करतात त्यांना यात फायदाच आहे. खरा आकडा दिला म्हणून वरून दट्ट्या आला, तर ग्रामसभेचा ठराव त्यांच्या पाठीशी असेल.

कायदा काय म्हणतो? १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि तिथल्या नोकरांवर देखरेखीचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला आहे. शाळा त्यातच येते. योजनेच्या सूचनेतच आहे की तांदूळ किती आला, कोणत्या तारखेला आला, किती शिजला, किती पोरं जेवली, हे शाळेत सगळ्यांना दिसेल असं लिहावं. वाढायच्या आधी निदान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखून बघावं, हेही त्यातच आहे.

म्हणून ह्या महिन्यात प्रत्येक पाड्यावर एवढं करा.

१. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात ग्रामसभा घ्या. नावानिशी पोरांची यादी करा. भट्टीवरून परतलेली, नव्याने पहिलीत बसलेली, सगळी. यादी वाचून दाखवा.

२. शाळेत आज किती तांदूळ शिल्लक आहे ते काट्यावर मोजून वहीशी ताडून बघा. पोतं ५० किलोचं लिहिलेलं असतं. भरतं किती ते आपण बघा. कमी भरलं तर पोच देताना तिथेच कमी लिहा.

३. यादीप्रमाणे ऑगस्टअखेरपर्यंतचा हिशोब करा. ६० पोरं आणि ६० दिवस म्हंजे ३६० किलो, सात पोती आणि वर १० किलो. जेवढा कमी असेल तेवढ्याची पुरवणी मागणी ठरावासकट गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. ओहोळ भरायच्या आत द्या.

४. दोन बाया आणि एक शिकलेलं पोर, असे तिघं दर महिन्याला तक्ता भरताना गुरुजींबरोबर बसतील असं ठरवा. तक्ता वर जायच्या आधी ग्रामसभेत वाचला पाहिजे. भिंतीवर खडूने लिहा. वाचता येणारं पोर आपल्या आज्याला वाचून दाखवील.

५. शिजवणाऱ्या ताईंचा मोबदला किती महिने थकला ते लिहून काढा. शाळेच्या समितीने तो ठरावात घालावा.

६. माहिती दिली नाय तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्याला तीही नाय. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज कसा लिहायचा ते बैठकीत सांगू.

डाळीचं पाणी, किडका तांदूळ, भाजी नसलेली खिचडी, यावर पुढच्या अंकात लिहू. पावसाळ्यात आपल्या रानात टाकळा, कुर्डू ढिगाने उगवतं. ते शाळेच्या टोपात का पडत नाय, हाही प्रश्न आहे. पण आधी टोपात तांदूळ पुरता पडला पाहिजे.

आपल्या बापजाद्यांनी कसलेली जमीन कागदावर नव्हती, म्हणून सरकारने ती आपली नाय असं म्हटलं. आपली पोरं कागदावर पुरी नसतील, तर त्यांची भूकही नाय असंच म्हणतील. जमीन मोजायला जी दोरी घेतली, ती घेऊन शाळेत जा. पोरं मोजा, पोती मोजा. आकडा आपला, ठराव आपला.

जिंदाबाद!