किंमत एकट्याने का मोजावी?



गेल्या रविवारी मिस्सानंतर सिकंदराबादच्या आमच्या युवकांच्या धर्मशिक्षण वर्गात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा विषय होता. हेरोद राजाला त्याने तोंडावर चूक दाखवली आणि प्राण गमावले. एका मुलाने विचारले, "सर, मी सरकारविरुद्ध फेसबुकवर खरे लिहिले आणि पोलीस आले, तर तुम्ही आमच्या घरी याल ना?" आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही.

त्याची भीती खोटी नाही. याच हैदराबादेत मार्च २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांवरील टीकेच्या व्हिडिओवरून दोन महिला पत्रकारांना अटक झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारले. मैत्रिणीने ते फक्त 'लाइक' केले. दोघींना अटक झाली, आणि जमावाने काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. त्यांच्यावर लावलेले ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही जुलै २०१८ मध्ये झारखंडच्या खुंटी पोलिसांनी फेसबुकवरील लिखाणावरून २० जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवताना तेच कलम पुन्हा लावले. त्या वीस जणांत आदिवासींसाठी झटणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी होते.

पुढे भीमा कोरेगावच्या वेगळ्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. कंपवातामुळे पेला हातात धरवत नव्हता. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामीन न मिळताच, ते वयाच्या ८४ व्या वर्षी देवाघरी गेले.

त्या नऊ महिन्यांत मिस्सातील प्रार्थनेत त्यांचे नाव घ्यावे, असे आम्हाला अनेकदा वाटले. "उगाच कशाला?" म्हणून आम्ही ते कागदावरून खोडले. आज हे लाजेने कबूल करतो.

सावध राहणे पाप नाही. नासरेथचा जमाव कड्यावरून ढकलायला निघाला, तेव्हा प्रभू त्यांच्यामधून निघून गेला. वेळ आली तेव्हा मात्र पिलातासमोर उभा राहिला. म्हणून लिहिण्याआधी पाहावे: हे खरे आहे का? मनात द्वेष तर नाही? याची झळ घरात कोणाला लागेल? खात्री न करता पुढे ढकललेला मेसेज ही खोटी साक्षच. आठवी आज्ञा मोबाइललाही लागू आहे.

पण पेत्र आठवा. शेकोटीपाशी त्याने प्रभूची शिकवण नाकारली नव्हती, ओळख नाकारली होती. आपणही तेच करतो. कोणी अडचणीत आला की ग्रुपमधून त्याचे नाव काढतो, त्याच्या घरावरून जाताना पावले उचलतो. प्रत्येकाने बोललेच पाहिजे, असे आम्ही म्हणणार नाही. कोणाच्या पदरी लहान मुले आहेत, कोणाची नोकरी नाजूक आहे. परंतु जो खरे बोलला त्याला एकटे सोडण्याची मुभा ख्रिस्ताने आपल्याला दिलेली नाही.

तेव्हा बाळा, उत्तर ऐक. लिहिण्याआधी आम्हाला दाखव. आणि पोलीस आलेच, तर आम्ही येऊ. वकील शोधू, जामिनासाठी उभे राहू, तुझ्या आईजवळ बसू, आणि रविवारी वेदीसमोर तुझे नाव मोठ्याने घेऊ.

हे प्रभो, कोंबडा आरवण्याआधी आम्हाला जागे कर. आमेन.