शोधाचे गीत, समुदायाचा स्वर

नामवंत गायक परदेशी जाऊन गॉस्पेल गायकवृंदासह ध्वनिमुद्रण करतात. तो वृंद केवळ शोभेपुरता असतो काय? या संदर्भात आम्हांस १९८७ सालचे उदाहरण मोलाचे वाटते. आयर्लंडचा गायक बोनो व त्याचा ‘यू-टू’ संगीतसमूह न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील चर्चमध्ये गेले. तेथे त्यांनी ‘न्यू व्हॉइसेस ऑफ फ्रीडम’ या वृंदासह सराव केला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे झालेले त्यांचे सहगायन १९८८च्या ‘रॅटल अँड हम’ या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट आहे. मूळ गीत एका श्रद्धावंताच्या अपूर्ण शोधाचे. वृंदाने गाताच ते समुदायाची प्रार्थना झाले. गुलामगिरीच्या वेदनेत मुळे असलेला हा स्वर हवा असेल, तर प्रथम त्या उपासकांच्या दारी जावे, यातच खरा आदर आहे, असे आम्हांस वाटते.