शेवटचे पान कुठे आहे?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 सालापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, गप्पा मारतात. कोरोनात शाळेसाठी हाती आलेला मोबाइल मुलांकडून सुटेना, म्हणून गावानेच हे ठरवले.

मला हे मनापासून आवडले. पण मैत्रिणींनो, आमच्या डोंबिवलीत भोंगा कोण वाजवणार? सात वाजता घरातली कमावती माणसे लोकलमध्ये उभी असतात, मुले क्लासला.

शिवाय सगळी शिस्त घरानेच का पाळायची? वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. दूरदर्शनसुद्धा पूर्वी रात्री बंद व्हायचे. आपले सामायिकही 48 मिनिटांनी पूर्ण होते. रील्सना मात्र शेवटच नाही. हे न संपणारे पान 2006 मध्ये अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केले. पुढे त्यालाच त्याची खंत वाटली.

मी कॉमर्सची पदवीधर, त्यामुळे आधी हिशेब बघते. ॲप फुकट मिळते, मग कंपनी विकते काय? आपला वेळ, जाहिरातदारांना. आपण जितके जास्त बसू तितकी त्यांची कमाई. अशा वेळी "तुम्हीच संयम ठेवा" म्हणणे म्हणजे वजनात काटा मारून गिऱ्हाइकाला नीट बघायला सांगणे.

बदल अशक्य नाही. यूट्यूबने 2021 मध्ये 13 ते 17 वयाच्या मुलांसाठी ऑटोप्ले आधीपासूनच बंद ठेवायला सुरुवात केली. मग तेच सगळ्यांसाठी का नको? साठी उलटलेल्या आम्हालाही दुपारी तासन् तास व्हिडिओ बघायची सवय लागतेच की! ठरावीक वेळाने पान थांबावे, पुढचे हवे असेल तर आपण मागावे. आपल्याकडे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्याला मनाईची तरतूद आहे. त्याच वाटेने पुढचे पाऊल सरकारने टाकावे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. आज घरातल्या प्रत्येक फोनवरचे ऑटोप्ले बंद करा, नोटिफिकेशन फक्त फोन आणि मेसेजचे ठेवा. आणि जेवताना फोन ताटाजवळ नको, सासूबाईंचाही नको आणि नातवाचाही नको.