१४२८५७ : चमत्कार नव्हे, भागाकार!

बोर्ली पंचतन : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चमत्कारी संख्या’ म्हणून फिरणारी १४२८५७ तुम्हालाही आली असेल. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. दोनाने गुणा : २८५७१४. तिनाने : ४२८५७१. सहाने : ८५७१४२. तेच अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात वेगळी. साताने गुणलं की थेट ९९९९९९.

यात दैवी काही नाही. १ ला ७ ने भागत जा. बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ उरते आणि फेरी पुन्हा सुरू होते. भागाकारात उमटतात ते अंक १४२८५७. २/७ किंवा ३/७ काढताना आपण त्याच फेरीत दुसऱ्या थांब्यावर चढतो. बोर्लीला चढा की दिवेआगरला, एसटी तीच.

आता वर्ग करा : २०४०८१२२४४९. तोडा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. १९०५ मध्ये डहाणूत जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर पोहोचलं.

माझं मत स्पष्ट आहे. कॅल्क्युलेटर बाकी दाखवत नाही आणि सगळी गंमत बाकीतच आहे. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हा भागाकार कुणी हाताने करायला लावला नाही. सातवीच्या वर्गात मात्र दहा मिनिटांत होईल. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी घरातल्या मुलाकडून १/१३ आणि २/१३ कागदावर करून घ्या. तिथे एक नाही, दोन फेऱ्या निघतात.